सहावा पावटा

“मका म्हणजे हो. काळा घेवडा म्हणजे नाही. एकेकानं या, शेजाऱ्याच्या मुठीत डोकावू नका.”

दीडशे वर्षं झाली, हा आवाज माझ्या लाकडातून गेलेला नाही.

मी एक जुनी अक्रोडाची पेटी आहे, मित्रांनो. वर मूठ जाईल एवढं भोक आणि आत अंधार. न्यू जर्सीतल्या एका खेड्यात, एकाच खोलीच्या शाळेसाठी मला सुतारानं घडवलं. तेव्हा शाळा गावाचीच असे. वर्षातून एकदा सगळे घरधनी मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत आणि तीन पंच निवडत. शेगडीची लाकडं कुणी आणायची, मास्तर कोण ठेवायचा, सगळं तिथंच ठरे. हात वर करून ठरवलं तर वर्षभर शेजारी एकमेकांशी बोलत नसत. म्हणून मी आले, प्रत्येकानं मुठीतला दाणा गुपचूप माझ्यात टाकावा म्हणून. दाणा कुणाचा, ते मला कळायचं. सांगायचं मात्र नाही, हा माझा धर्म.

एका वर्षी प्रश्न आला, शाळेच्या मास्तरीण हॅनाबाईंना पुढं ठेवायचं का? हॅना मुलांची लाडकी, पण धुरानं आणि खडूनं तिला खोकला लागलेला. तिचे वडील पंचांपैकी एक. त्यांची मूठ आत आली. घेवडा टाकताना ते पुटपुटले, “देवा, पोर घरी राहू दे, जगू दे.”

एका दाण्यानं ती हरली. तिला वाटलं, गावाला मी नकोशी झाले. आठ दिवसांत ती दूर पश्चिमेला मावशीकडं गेली. परत आली ती फक्त तिच्या मरणाची चिठ्ठी. पुढं दर वर्षी सभेआधी तो म्हातारा बाप माझ्या रिकाम्या पोटात हात घालून उभा राहायचा. एकदा भोकाशी वाकून म्हणाला, “तो दाणा माझा होता.” मला म्हणाला हो, मित्रांनो. मला ठाऊकच होतं. जिला सांगायचं, ती ऐकायला उरली नव्हती.

मग मोठ्या शाळा आल्या, मोटारी आल्या. मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला.

मला पुन्हा खाली आणलं सुमेधाकाकूंनी. दर रविवारी शाळेच्या याच जुन्या खोलीत त्यांचा मराठीचा वर्ग भरे, सव्वीस वर्षं. जवळच्या एडिसन गावाहून गाड्या भरून मुलं येत. काकूंनी मला पुसलं, खोबरेल लावलं आणि माझ्यात दाणे टाकून मुलांना आकडे शिकवले. मुलं दाणे मोजत गात,

“एक दाणा पेरला, मातीनं झाकला,
उगवून आला तेव्हा साऱ्यांनी पाहिला.”

काकूंना कुठलीही शेंग पावटाच, आणि मुलंही पावटेच. “ए पावट्यांनो, बसा खाली.” त्यांचे यजमान जगन्नाथकाका मागच्या बाकावर पेन्सिलींना टोक करत बसत.

या वसंतात मुलं कमी झाली. नीना, जी लहानपणी याच वर्गात शिकली, म्हणाली, “काकू, सॉकर आणि मराठी दोन्ही रविवारीच येतं. शेड्यूल मॅनेजच होत नाही.”

“मग पेटीला विचारू,” काकू हसून म्हणाल्या. “मका म्हणजे वर्ग चालू, पावटा म्हणजे बंद. मी नाही टाकणार, मी उमेदवार.”

मोठ्या माणसांच्या अकरा मुठी आत आल्या. शेवटची बर्फासारखी गार होती आणि बराच वेळ उघडेना.

नीनाच्या लेकीनं, अनयानं, दाणे मोजले. “काकू, फाइव्ह मका. सिक्स पावटा.”

“बरं हो, नीना,” काकू अनयाला म्हणाल्या. मुलं खुदखुदली. अलीकडं काकू असं पुष्कळदा म्हणत, आणि सगळ्यांना ती गंमत वाटे.

पुढच्या रविवारी काकू आणि काका दोघंच सामान न्यायला आली. काकू पाट्या पुसता पुसता म्हणाल्या, “कोण असेल हो सहावा? सव्वीस वर्षांत मी कुणाचं काय वाईट केलं? नीनानंच टाकला असणार. तिच्या घरी नाही जाणार मी आता.”

मित्रांनो, मला तेल लावा, न लावा. पण मायेपोटी दिलेला नकार माझ्यासारख्या अंधारात टाकून जाऊ नका. तो आत कुजतो, आणि बाहेर एखादं माणूस उगीच झुरत राहतं. मला तोंड असतं तर त्या दुपारी मी माझा धर्म मोडला असता.

जगन्नाथकाकांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

“नीनाला नावं ठेवू नकोस, सुमे. मार्चमध्ये तू गॅस स्टेशनवरून फोन केला होतास. कोथिंबीर आणायला गेली होतीस. म्हणालीस, ‘आपलं घर कुठल्या रस्त्याला आहे हो?’ दुसऱ्या दिवशी तुला त्यातलं काहीच आठवेना, आणि मीही बोललो नाही. मुलांसमोर तसं होऊन कुणी हसायला नको होतं गं तुला. सहावा पावटा माझा होता.”