दंडावरचं कडं

माझ्या सुनेला, प्राचीला, झाकायची खोड आहे. दूध उतू गेलं की ओटा पुसून मोकळी, भाजी करपली की म्हशीच्या टोपल्यात, आणि विचारलं तर "काही नाही, आई." इतकी वर्षं मी ते चालवून घेतलं. पण यंदा उन्हाळा तोंडावर आला तरी माझ्या नातीला, श्रेयाला, तिनं मनगटापर्यंतच्या बाह्या घालायला सुरुवात केली, तेव्हा माझं डोकं फिरलं. नऊ वर्षांची पोर, घामानं कापड अंगाला चिकटतंय, आणि ही मला सांगते, "ऊन लागतं तिला, आई." पिंपळवंडीच्या उन्हात टोमॅटो तोडता तोडता माझे केस पिकले. मला ऊन शिकवते.

श्रेयाला साखरेचा आजार आहे. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, पोरांना होतो तो. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून जेवायच्या आधी पोटात सुई. साखर वर गेली तर माणूस हळूहळू खचतं, खाली गेली तर बघता बघता जातं. हे मला डॉक्टरनं सांगायला नको, मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या आखाडात पोरगी अंगणात गजगे खेळता खेळता गप्प झाली. हाक मारली तर माझ्याकडं नुसती बघत राहिली. मला ओळखत नव्हती. साखर उतरली की दुसऱ्या पोरांना कापरं भरतं, भूक लागते, ती सांगतात. हिला काही कळतच नाही. खेळता खेळता विझते.

म्हणून तिच्या दंडाला ते बटण लावलं. सेन्सर म्हणतात त्याला. बाटलीच्या झाकणाएवढं पांढरं, आत केसासारखी तार कातडीत रुतलेली आणि भोवतीनं डिंक. साखरेचा आकडा ते श्रेयाच्या कमरेच्या पिशवीतल्या फोनला सांगतं आणि तो फोन प्राचीच्या फोनला. प्राची नारायणगावला पतसंस्थेत कामाला. पोरगी माझ्या मांडीवर आणि तिची साखर नारायणगावात दिसणार, हे मला कधी पटलं नाही. पण आकडा खाली आला की ते फोन कोकलायचे आणि त्याच भरवशावर मला झोप लागायची, हेही खरं.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. माझा मुलगा आदेश माल घेऊन मुंबईला गेलेला, प्राची कामावर. दुपारी श्रेयानं फोनवर आईला विचारून पोटात सुई घेतली आणि जेवायला बसली. एक घास खायची आणि डावा दंड भिंतीला घासायची, म्हैस खांबाला अंग घासते तशी.

"काय गं, काय चावलं?"

"काही नाही, आजी."

आईचंच उत्तर. मी उठले, तिचा हात धरला आणि बाही वर सारली.

बटणाच्या भोवती लाल कडं उठलं होतं. बारीक बारीक पाण्याचे फोड, एकाला एक लागून, मधे मधे फुटलेले, त्यांतून पाणी गळत होतं. कडं गोल फिरत आलं होतं आणि एका जागी, करंगळी मावेल एवढी, कातडी चांगली राहिली होती.

मी त्या जागेवर करंगळी धरून बघितली.

आमच्याकडं अशा फोडांच्या ओळीला नागीण म्हणतात. ती अंगावर सरकत जाते आणि तिचं तोंड शेपटाला लागलं की माणूस राहत नाही. माझ्या थोरल्या जावेच्या कमरेला उठली होती. दवाखान्यातल्यांनी दुसरंच काही नाव घेतलं. मी तिची पाठ पुसत होते, मला दिसत होतं किती अंतर राहिलंय ते. वेटोळं पुरं झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला उचललं. तेव्हापासून पाण्याच्या फोडांची ओळ दिसली की मी आधी दोन टोकांमधली जागा बघते.

इथं जागा करंगळीएवढी.

"आईला ठावं हाय तुझ्या?"

पोरीनं बाही परत खाली ओढली. मग म्हणाली, "मम्मी मलम लावते. बटणाचा डिंक चावतो म्हणते."

डिंक चावतो. डिंकाला दात असतात का, असं माझ्या मनात आलं. मी ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी तशीच राहिली. "चल, कळंबला जायचंय."

कळंब माझं माहेर. तिथं भाऊबंदातला सावळेराम नागिणीवर गेरू लावतो. प्राचीला फोन करावा असं मनात आलं, पण जी बाई मला दंड दाखवत नाही ती मला कळंबला जाऊ देणार होय? फाट्यावर आलो, एसटी मिळाली. नारायणगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी पदर पुढं ओढून घेतला. कुणाला भ्याले मी, माझ्याच सुनेला.

गाडीत श्रेया माझ्या कानाशी लागली. "आजी, बटण नको काढू देऊस."

"का गं?"

"मला कळत नाही ना, साखर उतरलेली. त्यालाच कळतं. मम्मी म्हणाली, आजीला दिसलं तर ती काढूनच टाकील."

"म्या काय राकशीन हाय व्हय?"

"नाही. पण तू लई घाबरतीस."

साऱ्या घरात मला असं तोंडावर बोलणारी ती एकटीच.

सावळेराम ओट्यावर बसला होता. त्यानं दंड बघितला आणि जीभ टाळूला लावून आवाज केला. "आक्का, येळंवर आलीस. आजच्या दिसात मिटली असती."

"गेरू लाव मग."

"ह्ये झाकान काढाय लागंल. त्याच्याखाली काय चाललंय ते कसं दिसायचं?"

श्रेयानं माझा पदर धरला. मी तिच्याकडं बघितलं, त्या करंगळीएवढ्या जागेकडं बघितलं. एका बाजूला माझी जाऊ, दुसऱ्या बाजूला आखाडातलं अंगण. कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं तरी पोरगी जाणार, असं मला वाटत होतं. मग मी मान हलवली.

त्यानं नखानं कड उचलली आणि बटण ओढलं. ते कोरडंच ओढलं. डिंकाबरोबर कातडीचा पापुद्रा आला. पोरगी ओरडली नाही, नुसता श्वास आत ओढून घेतला, आणि तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खाली बटणाएवढी जागा लालभडक, ओली. सावळेरामनं गेरू कालवला, दंडावर फासला आणि म्हणाला, "दुसरा दंड दाव, पोरी. तिकडं सरकलीया का बगू."

त्यानं उजवी बाही वर केली आणि त्याचा हात तिथंच थांबला.

त्या दंडावर दुसरं कडं होतं. वाळलेलं, तपकिरी, खरवडल्यासारखं. गोल, पुरं. कुठंही जागा राहिलेली नाही.

"आक्का," सावळेराम हळू बोलला, "ही तर जुळलीया." तो ओट्यावर मागं सरकला.

"ते जुनं आहे," श्रेया म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "दिवाळीच्या आधीचं. पोटावर पण आहे एक."

मी फ्रॉक वर केला. पोटावर, बेंबीच्या बाजूला, तिसरं कडं. तेही पुरं. तिन्ही एकाच मापाची, भांड्याचं बूड राखेवर टेकवून उचलावं तशी. नागीण कधी मापात फिरते का? नागिणीनं दोनदा तोंड शेपटाला लावलं आणि पोरगी दिवाळीचे लाडू बघून तोंड फिरवत, शाळेत जात, माझ्याशी भांडत जिवंत होती. डिंकच होता. प्राची खरं बोलत होती.

तेवढं डोक्यात उजाडलं तोवर श्रेयाच्या कमरेची पिशवी वाजायला लागली. एकदा वाजून थांबली, परत वाजली. मी पोरीकडं बघितलं. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. वरच्या ओठावर घाम. हात धरला तर ओला, गार.

"श्रेया."

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. तेच डोळे, आखाडातले. मी त्यांच्यात नव्हते.

"गुंगी येनारच," सावळेराम म्हणाला. "इख उतरतंय. निजव तिला."

"निजवून काय मारतोस तिला? पानी आन." मी पिशवी उघडली. आत कोकलणारा फोन, बोट टोचायचं मशीन आणि ग्लुकोजची पुडी. घरून निघताना ती अर्धी भाकरी माझ्याच हातानं बाजूला सारलेली. सुई पुऱ्या जेवणाची आणि पोटात अर्धं जेवण. आणि जे बटण बोंबललं असतं ते ओट्यावर गेरूच्या वाटीशेजारी उताणं पडलेलं.

मी फोनवरचं हिरवं सरकवलं. तिकडून प्राची एकच बोलली, "आई, आकडा बंद झालाय. श्रेया कुठं आहे?"

"कळंबला. माझ्याजवळ. वळखंना झालीया मला."

मला वाटलं आता शिव्या घालील. तिचा आवाज मात्र एकदम सपाट झाला. "गिळतेय का? जागी आहे का? असेल तर बसवूनच ग्लुकोज द्या, थोडं थोडं. गिळत नसेल तर तोंडात काही घालू नका, तशीच दवाखान्यात न्या. मी निघाले. फोन ठेवू नका."

मी पुडी तांब्यात कालवली आणि पोरीच्या ओठांना लावली. पहिला घोट हनुवटीवरून खाली आला. दुसरा आत गेला, गळा हललेला मी बघितला. आयुष्यात मी पुष्कळ देवांपुढं उभी राहिले, पण त्या गळ्याकडं बघितलं तसं कुठल्याच देवाकडं बघितलं नाही. घोट. मग घोट. फोनमधून प्राचीच्या गाडीचा आवाज येत होता आणि मी तिला सांगत होते, गिळतीया, गिळतीया. किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. सावळेराम दारात उभा होता आणि त्याचं तोंड गेरूपेक्षा लाल झालं होतं.

मग श्रेया म्हणाली, "आजी, गोड लई झालंय." आणि मी खाली बसले ती बसलेच.

प्राची स्कूटीवरून आली. आधी तिनं पोरीचं बोट टोचून आकडा बघितला, बिस्किटं खायला दिली, मग माझ्या शेजारी ओट्यावर टेकली. दंडावरचा गेरू बघून ती रडेल असं वाटलं, पण तिनं नुसता पदराच्या टोकानं जखमेच्या कडेचा ओघळ टिपला. बोलली ती आम्हाला मागं बसवून मंचरच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागल्यावर, तेही पाठमोरीच.

"दिवाळीच्या आधीपासून सुरू झालं, आई. दंड बदलून बघितला, पोटाला लावून बघितलं, खाली पट्टी लावून बघितली. पट्टी जिथं नीट बसली तेवढीच जागा वाचली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावलं असतं. आणि काढलं की काय होतं ते…" आमच्या दोघींच्या मधे पोरगी बसली होती.

म्हणजे ती करंगळीएवढी जागा पट्टीनं राखलेली होती, आणि मी तिला मरणाची वेस समजले होते.

मंचरला कातडीच्या डॉक्टरनं भिंग लावून बघितलं. म्हणाला, डिंकात जे मिसळलेलं असतं ते हिच्या अंगाला सोसत नाही, आणि जितक्यांदा लागेल तितकं लवकर उठेल. जखम भरेपर्यंत बटण नाही, बोटं टोचायची. मग अंग आणि डिंक यांच्यामधे फोडांवर लावतात ती जाड पट्टी चिकटवायची, तारेपुरतं भोक पाडून. काढताना कडेनं तेल मुरवायचं, ओढायचं नाही.

"आन् उद्याला ती पट्टीबी सोसली न्हाई तर?" मी विचारलं.

त्यानं भिंग खाली ठेवलं. "दुसऱ्या डिंकाचं बटण शोधू. तेही नाही झालं तर बोटंच, आजी. झोपेतून उठवूनसुद्धा."

ते उत्तर मी घरी घेऊन आले आणि ते अजून घरातच आहे. बटण नव्हतं ते दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. पोरगी जरा गप्प बसली की मी हाक मारायची, हाक मारली की ती चिडायची, आणि चिडली की मला बरं वाटायचं. तिच्या मानेला घाम आहे का ते चाचपून चाचपून माझी बोटं तिथली वाट शिकली.

जखम भरली. काल प्राचीनं नवं बटण लावलं, उजव्या दंडाला, जुन्या कड्याच्या वर चांगली कातडी बघून, खाली पट्टी घालून. मी श्रेयाचं कोपर धरून बसले होते. खट्ट झालं, पोरीनं डोळे मिटले आणि उघडले. फोनमधे आकडा यायची वाट बघत आम्ही तिघी एका जागी बसलो. आकडा आला. प्राचीनं जुन्या सवयीनं पोरीची बाही खाली ओढली, बटणावरून, मनगटापर्यंत.

मी उठले. शिलाईच्या डब्यातली कात्री आणली आणि श्रेयाच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कापून टाकल्या. प्राची बघत राहिली. तिला मी समोर बसवलं आणि म्हणाले:

"ऐक, प्राची. कळंबला गेले ती माझी अक्कल, त्याचं माप माझ्या पदरात. पन मला एकच कडं दिसलं म्हनून मी गेले. पयली दोन दावली असतीस तर म्या घरातच वळखलं असतं, की ही नागीन न्हाई. तू माझ्या भ्यानं झाकलंस, म्या नागिनीच्या भ्यानं काढलं, आन् मधी पोरगी जात व्हती. भ्यायचं तर आता दोघींनी मिळून भ्यायचं. फोन तू बघ. दंड रोज मी बघनार, उजेडात, आन् त्येल बी मीच मुरवनार. आन् या घरात पुन्यांदा लांब बाही दिसली, तर ही कात्री माझ्या उशाला हाय."