चादरीखालचा पाय

अर्ध्या शहराच्या कमरा ज्यांनी टेपेत धरल्या, त्या शिवणवाल्या ताईंची स्वतःची कंबर गेल्या वीस वर्षांत कुणी मोजली नव्हती. स्वतःचे कपडे त्या अंदाजाने बेतायच्या आणि अंदाज दर वर्षी थोडा सैल धरायच्या. दुसऱ्याचं माप घ्यायची मात्र त्यांची एक युक्ती होती. पोटाला टेप लागली की माणूस श्वास आत ओढतो, बाई असो की बुवा. मग ताई टेप तशीच धरून घरच्यांची चौकशी करायच्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटतो, पोट आपल्या जागेवर येतं. तेच खरं माप.

आणि आता त्याच ताई आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत, एका यंत्राच्या गार पत्र्यावर अनवाणी उभ्या होत्या, दोन्ही हातांत दांडे धरून आणि पोट आत ओढून. यंत्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यानं अंगातून न जाणवणारी वीज फिरवली आणि कागद बाहेर टाकला. चरबी एवढी, स्नायू एवढे, पाणी एवढं, वर प्रत्येक हातापायाचा वेगळा आकडा. उजव्या पायाचे स्नायू डाव्यापेक्षा चांगले पाऊण किलो जास्त निघाले.

"काकू, काही खेळता का?" बाईंनी विचारलं.

खेळायचे की, ताई म्हणाल्या, तिसरीत असताना लंगडी. बाई हसल्या आणि तो आकडा तिथेच राहिला.

हा सगळा खटाटोप धाकट्या भावासाठी होता. त्यानं अकरा वर्षं बावीस नंबरची बस चालवली, आणि मग त्याच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला. आता तो आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हाताला नळ्या लावून डायलिसिसच्या वॉर्डात पडून असायचा. किडनी द्यायला पुढे आलेल्या ताईंचं रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं, वजन तेवढं आडवं आलं. सर्जन म्हणाले, एवढ्या चरबीत मी सुरी घालणार नाही, आणि मागे उरणाऱ्या एका किडनीवर एवढा भारही टाकणार नाही. चार महिन्यांत सहा किलो उतरवा, नाहीतर भावाचं नाव किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत जाईल. यादी किती लांब आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही.

दुसरी चाचणी श्वासाची होती. माणूस नुसता पडून असताना त्याचं शरीर दिवसाला किती जाळतं, ते त्यातून कळतं, आणि जेवण त्या आकड्यावर बेततात. रिकाम्या पोटी, डोक्यावर पारदर्शक घुमट, अंगावर चादर, पंचवीस मिनिटं. झोपायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही.

सकाळपासून आराम केलात ना, असं बाईंनी आधी विचारून घेतलं. "बसूनच होते," ताई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. उजाडल्यापासून शिलाई मशीनवर बसून त्यांनी गणवेशाच्या तीन पँटींची उंची वाढवली होती.

घुमटाखाली गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच ताईंना कळून चुकलं की काही न करणं हे आपल्याला येत नाही. नाकाला खाज सुटली, ती सोसली. मग बँकेतल्या साहेबांच्या कोटाचं अस्तर डोळ्यांपुढे आलं, ते कुठे ताणतंय ते दिसलं, उसवून परत जोडलं. त्यानंतर एक पडदा. पंचवीस मिनिटांत ताईंनी मनातल्या मनात दोन दिवसांचं काम उपसलं.

आकडा आला अठराशे दहा कॅलरी. बाई खूश झाल्या. "काकू, तुमची भट्टी जोरात आहे. पंधराशेवर ठेवते, आरामात उतराल."

भावजयीनं कंबर कसली. ताई राहायच्या भावाच्याच घरी, पुढच्या खोलीत दुकान. भात असो, भाजी असो, भावजय प्रत्येक घास काट्यावर ठेवून वाटीत घालायची आणि वहीत लिहायची. ताईंनी चहातली साखर सोडली, गिऱ्हाइकानं आणलेला वाढदिवसाचा केक डोळे मिटून परत पाठवला. महिन्यानं काट्यावर उभ्या राहिल्या तर आठशे ग्रॅम उतरलं होतं. एवढं तर हिवाळी कोटाचं कापड भरतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, की एखादं बिस्किट वगैरे लिहायचं राहतं का. ताईंच्या कानाची पाळी गरम झाली. तशी विचारणा करताना लोक कसे हसतात ते त्यांना ठाऊक होतं. कंबर वाढलेल्या गिऱ्हाइकाला त्या स्वतः तसंच हसून 'कापड आटलं असेल' म्हणायच्या.

घरी भावजय दुकानात उभी होती. बटणांचा खण उघडा होता आणि तिच्या हातात लिमलेटच्या गोळ्यांचं पाकीट होतं, अर्धं रिकामं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वन्सं, द्यायची नसेल तर नाही म्हणा. मी तुमच्या पाया पडायला येणार नाही. पण असं चोरून खाऊन त्यांना झुलवत ठेवू नका."

गोळ्या गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी होत्या. माप देताना मुलं वळवळतात, म्हणून. एवढं सांगायला काय लागतं? पण ताई एक शिवण उसवायला बसल्या, कारण गोळ्या जरी खाल्ल्या नसल्या तरी रोज पहाटे पोटात गोळा घेऊन त्या उठत होत्या. सुरीचा, गुंगीच्या औषधाचा, नंतरच्या एकट्या किडनीचा. मला द्यायचीच आहे, असं छातीला हात लावून म्हणायला गेलं, तर हात मध्येच थांबेल असं त्यांना वाटलं. शरीर आपल्यालाही न विचारता टाळत असेल का? यंत्राला ते कळलं असेल का?

दोन दिवस दोघी एकमेकींशी भांड्यांच्या आवाजातून बोलल्या. तिसऱ्या दिवशी भावाबरोबर वॉर्डात जायची पाळी ताईंची होती. तिथे सुई-कात्री आणू देत नसत, म्हणून त्या रिकाम्या हातांनी खुर्चीत बसल्या. भाऊ पडून त्यांच्याकडे बघत होता.

"ताई, शिलाई कुठवर आली?"

"कसली शिलाई?"

"अर्धा तास बघतोय. तुझं पायडल चालूच आहे."

ताईंनी खाली पाहिलं. उजवा पाय, टाच-चवडा, टाच-चवडा, एका लयीत चालला होता. त्यांनी तो थांबवला. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो क्षणभर थांबला आणि त्यांची नजर वळताच पुन्हा सुरू झाला. ताईंना तो कागद आठवला, पाऊण किलो जास्तीचा उजवा पाय आठवला. मग चादर आठवली, आणि चादरीखाली मनातल्या मनात जोडलेलं ते कोटाचं अस्तर.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मी पंचवीस मिनिटं मशीन चालवली."

भाऊ असा हसला की नर्स नळ्या बघायला धावली. ताईंनी मग त्याला सगळं सांगितलं, वॉर्डात असताना सांगू नये ते पाकिटाचंही. तो गंभीर झाला. म्हणाला, पडून राहणं हे काम आहे, ताई, शिकावं लागतं. पहिल्या महिन्यात मीसुद्धा इथे पडल्या पडल्या ब्रेक दाबायचो. आता मनातल्या मनात डेपोतून बावीस नंबर काढतो. पाण्याची टाकी, शाळा, पिठाची गिरणी, एकेक थांबा घेत जायचं, घाई करायची नाही. "तू मात्र चालवू नकोस. तू मागे खिडकीपाशी बस."

आहारतज्ज्ञ बाईंना ताईंनी फोनवर खरं सांगितलं. त्या ओशाळल्या, यंत्रावरची श्वासाची रेघ जरा डोलत होती खरी, म्हणाल्या, मी दुर्लक्ष केलं. शनिवारी परत या.

शनिवारी भाऊ वॉर्डात होता. ताई चपला घालत होत्या तेव्हा भावजय पदर खोचून दारात आली. पाय कोण धरणार, एवढंच म्हणाली. भावानं तिला सांगितलेलं दिसत होतं.

घुमट खाली आला. भावजय पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसली आणि तिनं चादरीवरून ताईंचा उजवा चवडा मुठीत धरला, भाजी निवडावी तितक्याच सहजपणे. ताई खिडकीपाशी बसल्या. डेपो. पाण्याची टाकी. शाळेपाशी पोरांचा लोंढा चढला आणि त्यांच्या पँटींची उंची बघायचा मोह झाला. पाय फुरफुरला, मूठ आवळली. गिरणी. मग बस मोठ्या इस्पितळापाशी थांबली आणि थांबूनच राहिली. सुरी आठवली. एरवी अशा वेळी ताई उठून काहीतरी उसवायला घ्यायच्या. आता उठायला जागा नव्हती. त्या तशाच बसल्या, त्या इमारतीकडे बघत, आणि बघता बघता लक्षात आलं की आपल्याला भीती वाटतेय आणि तरी आपण उतरणार आहोत. दोन्ही एकदम असू शकतं. श्वास सुटला. बस हलली.

आकडा आला बाराशे नव्वद.

"एवढंच?" ताईंना अपमान झाल्यासारखं वाटलं. आयुष्यभर राबलेलं शरीर, निजलं की एवढी काटकसर?

आता बाराशेवर यावं लागेल, बाई म्हणाल्या, आणि भूक लागेल, काकू, ते आधीच सांगते. पण तीन महिन्यांत सव्वापाच किलो होण्यासारखे आहेत. भावजयीनं कागद मागून घेतला, चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

रस्त्यावर आल्यावर ती दुसरीकडे बघत म्हणाली, की पाकीट खणात परत ठेवलंय, कालच एक पोरगं रडून गेलं.

"मला भीती वाटते गं," ताई म्हणाल्या. "पण देणार आहे."

"मलाही वाटते," भावजय म्हणाली. "दोघांची."

बावीस नंबर आली. दोघी मागे, खिडकीपाशी बसल्या. गिरणी मागे पडली तसा ताईंचा उजवा पाय सुरू झाला, टाच-चवडा, टाच-चवडा. सवयीनं भावजयीचा हात गुडघ्यावर आला.

"आता राहू दे," ताई म्हणाल्या. "आता जेवढं जळेल तेवढं आपलं."