काचेच्या आतला अंगठा

रेडिओवरून ब्रश फिरला, तसे काळ्या भुकटीतून ठसे वर यायला लागले. बटणांवर, काचेवर, पाठीवर, जिथे पाहावं तिथे बायकोचीच बोटं.

पोलिसांच्या ठसे विभागात बावीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला भिंगाची गरजच पडली नाही. त्याचा जीव मात्र जळाला. हा बंद पडलेला रेडिओ तिच्या पहिल्या नवऱ्याचा. तो रेडिओ-दुरुस्तीचं काम करायचा; लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तापाने गेला. दुसऱ्या संसारात तिने त्याचं एवढंच आणलं होतं.

"नुसती धूळ झटकते हो मी," ती म्हणायची.

धूळ फडक्याने झटकतात. इथे तर दहाही बोटं टेकली होती.

बायको बहिणीकडे गेली होती. त्याने इरेला पेटून मागचे स्क्रू काढले, काच सोडवली. काय शोधतोय हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. काचेच्या आतल्या बाजूवर ब्रश फिरवला आणि एक अंगठा उमटला. रुंद, पुरुषी, मधोमध आडवा व्रण असलेला.

म्हणजे इतकी वर्षं हा गृहस्थ घरातच होता तर!

त्याने फडकं उचललं. एका फटक्यात काम झालं असतं. पण हात काचेपाशी जाऊन अडला. आजवर त्याने एकही ठसा पुसला नव्हता. मग दात-ओठ खात त्याने चिकटपट्टी लावली आणि ठसा पांढऱ्या कार्डावर उतरवून घेतला.

"हे काय मांडलंय?"

बायको दारात उभी होती. तिने उघडा रेडिओ पाहिला, त्याचे काळे हात पाहिले. मग कार्ड उचललं.

"पत्र्याने कापला होता अंगठा," ती हळूच म्हणाली. "आठ दिवस मीच भरवत होते."

"खोटं का बोललीस? धूळ झटकते म्हणून?"

"खरं सांगितलं असतं तर झेपलं असतं तुम्हाला?" ती खुर्चीवर बसली. "कधीकधी हात ठेवून बसते. एवढंच. तुम्ही मला विचारायचं होतं हो. चोरासारखं घर कशाला तपासायचं?"

तिने कार्ड पुढे केलं.

"आता याचं काय करणार?"

"बिननावाचं कार्ड ठेवत नाही आम्ही," तो कसाबसा म्हणाला. "नाव सांग."

पंधरा वर्षांत त्या घरात कुणी न उच्चारलेलं नाव तिने सांगितलं. त्याने हात धुतले, पेन घेतलं आणि ऑफिसातल्या आपल्या सुवाच्य अक्षरात, काना-मात्रा न चुकता, ते लिहून काढलं.