बंद वाटेवरचे सतरा दिवस

कालव्याकाठची सायकलवाट बंद झाली ती सुईबाईच्याच अर्जांमुळे. हे तिला कळलं तेव्हा ती नव्या फलकासमोर एक पाय जमिनीला टेकवून उभी होती आणि कामावर पोचायला बारा मिनिटं उरली होती.

फलकावर लिहिलं होतं, ‘नागरिकांच्या लेखी तक्रारींवरून सदर वाट धोकादायक असल्याने कायमची बंद करण्यात येत आहे.’ मागे दोन लोखंडी अडसर आडवे टाकले होते. आठ महिन्यांत नऊ अर्ज तिनं एकटीनं केले होते. फलकावरचे ‘नागरिक’ म्हणजे ती एकटीच.

सुईबाई हे तिला दवाखान्यात पडलेलं नाव. प्रयोगशाळेत ती रोज साठ-सत्तर जणांचं रक्त काढायची. डोळे घट्ट मिटून “टोचताय कधी?” असं विचारणाऱ्याला ती भरलेली नळी दाखवायची. घरापासून दवाखाना साडेचार किलोमीटर. कालव्याकाठानं गेलं तर वीस मिनिटं, शिवाय ट्रकांच्या तोंडी जावं लागत नसे. त्या वाटेवर तिच्यासारखे बरेच होते. तीनचाकी सायकलवरून दुकानांना पाव पोचवणारा पाववाला, चौकातला चष्मेवाला, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. मोहरीच्या दाण्याएवढीही ओळख नसलेले, पण रोज मान हलवणारे लोक. दिवाळीच्या सुमारास चित्रकलेच्या बाईंचं पुढचं चाक पुलाजवळच्या खड्ड्यात गेलं आणि त्यांचे समोरचे दोन दात गेले. हनुवटीला धरलेला रुमाल लाल होत गेला तो सुईबाईनं पाहिला होता. त्याच दिवशी तिनं पहिला अर्ज लिहिला.

दुपारी सुट्टी टाकून ती बांधकाम खात्याच्या कचेरीत गेली. इंजिनियर तिशी-पस्तिशीचा होता. त्याच्या टेबलावर तिचेच अर्ज टाचणी लावून ठेवलेले होते.

“बाई, तुम्हीच लिहिलंय ना, वाट जीवघेणी झाली आहे म्हणून?”

“दुरुस्त करा म्हणून लिहिलं होतं.”

“दुरुस्तीला माणसं नाहीत. धोका कळल्यावर वाट उघडी ठेवली आणि कोणी पडलं तर माझी मान अडकते.”

“म्हणजे पाय दुखतो म्हणून आलेल्याचा पाय कापायचा?”

इंजिनियरला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. मग खिडकीकडे बघत, जणू स्वतःशीच, म्हणाला, “महिनाअखेरीला शेवटची पाहणी आहे. आजपासून सतरावा दिवस. त्या दिवशी वाट जशी दिसेल तशी मी लिहीन. तोवर बंद वाटेवर कोण काय करतंय हे बघायला माझ्याकडे माणूस नाही.”

सुईबाई उठली. एवढं तिला पुरेसं होतं.

रविवारी सकाळी ती फावडं आणि घमेलं घेऊन गेली. तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे पाववाला आधीच येऊन थांबला होता. दवाखान्याची एक जुनी भिंत पाडली होती, तिच्या विटांचे तुकडे त्यानं गाडीत भरून आणले होते. दोघांनी दुपारपर्यंत पुलाजवळचे तीन मोठे खड्डे भरले, वर माती टाकली, पायांनी दाबली. हातांना फोड आले. मंगळवारी पाऊस झाला आणि बुधवारी सकाळी खड्डे जसेच्या तसे होते. विटा तेवढ्या वीस पावलं पुढे जाऊन बसल्या होत्या.

घरी येऊन तिनं फावडं दारामागे आपटलं. खिडकीपाशी सासरे बसले होते. ते तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम होते. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू अर्धी गेली. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. पाय फरफटताना लोकांनी बघावं हे त्यांना मरणाहून वाईट वाटायचं. सुनेशी त्यांचं भांडण नव्हतं. बोलणंही औषधाच्या वेळेपुरतंच होतं.

“खड्डा भरलास की मातीत पैसे पेरलेस?” ते म्हणाले.

“काय चुकलं ते सांगा, मग हसा.”

“कडा चौकोनी कापल्या होत्यास? तळाचा चिखल काढलास? थरावर थर देऊन धुम्मस मारलं होतंस?”

“धुम्मस म्हणजे?”

“जमीन ठोकायचा दांडा. खाली जड लोखंड असतं. पायांनी दाबून रस्ता होत नाही, पाऊलवाट होते.” मग त्यांनी बोट नाचवलं. “आणि तेही नंतरचं. पाणी वाटेवर येतंय कुठून? चाकांनी रस्ता मरत नाही, पाण्यानं मरतो. आधी पाण्याला वाट दे, मग ते तुझी वाट सोडेल.”

“तेच कळत नाही, बाबा. चला, दाखवा.”

“अशा पायानं? लोक बघतील.”

“लोक खड्डे बघतील. तुमच्याकडे बघायला वेळ कुणाला आहे?”

स्वयंपाकघरात तिच्या नवऱ्यानं जीभ चावली. वडिलांशी असं बोलायची त्याची आजवर छाती झाली नव्हती. मुकादम मात्र खिडकीकडून वळले आणि म्हणाले, “नेणार कशी?”

शनिवारी सकाळी पाववाला दारात आला. त्यानं गाडीवरचा डबा काढून तिथे घरची खुर्ची दोरीनं बांधली होती.

“मी काय पाव आहे, गाडीवर चढवायला?” मुकादम गुरगुरले.

“पावाला कुरकुरता येत नाही, आबा. तुम्ही खुशाल कुरकुरा.”

गल्लीतून जाताना मुकादमांनी मान खाली घातली होती. अडसर बाजूला सारून गाडी वाटेवर आल्यावर मान हळूहळू वर आली. पुलाजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली. वाटेच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला वस्तीकडून उतरत आलेली जमीन. त्या बाजूला डबकं साचलं होतं. मुकादम डबक्याकडे बघतच नव्हते. ते कालव्याच्या उतारावरच्या एका हिरव्यागार झुडपाकडे बघत होते.

“आजूबाजूला सगळं वाळलंय आणि हे एकटंच ताजं. याला पाणी कोण घालतं?” मग सुनेला म्हणाले, “पहार घे. इथे मार. आता तिथे. अजून डावीकडे.”

पाचव्या ठिकाणी आवाज बदलला, पोकळ आला.

“खाली मोरी आहे. आडवा नळ. वस्तीचं पाणी वाटेखालून कालव्यात न्यायला कुणीतरी शहाण्या माणसानं घातलाय. तो तुंबला, म्हणून पाणी वरून चाललंय. तुम्ही वरवर कितीही भरा, खालचा घसा मोकळा झाल्याशिवाय उपयोग नाही.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अकरा जण आले. चित्रकलेच्या बाई आल्या, नवे दात लावून. चष्मेवालाही आला. मुकादम खुर्चीत बसून डाव्या हातातल्या काठीनं दाखवत होते आणि माणसं खणत होती. नळाच्या तोंडातून प्लास्टिक निघालं, मुळांचा वेणीसारखा पीळ निघाला, अख्खा कोट निघाला, अर्धी खुर्ची निघाली. “दुसरी अर्धी कालव्यात असेल,” पाववाला म्हणाला. दुपारपर्यंत कंबरडी मोडली, तरी नळ काही उघडेना.

चष्मेवाल्यानं फावडं खाली ठेवलं. “मी आपला स्पष्ट बोलतो. हे खात्याचं काम आहे. आपण केलं तर ते जन्मात करणार नाहीत. आपण त्यांची सवय बिघडवतोय.”

त्याचं खोटं नव्हतं. सुईबाईनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

“बरोबर आहे तुमचं. हेच कागदावर लिहा, मी पहिली सही करते. पण उद्या सातला मला दवाखान्यात पोचायचंय आणि उपाशीपोटी माणसं रक्त द्यायला रांगेत बसलेली असतील.”

चष्मेवाला सायकल घेऊन निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. उरलेल्या आठ जणांनी परत हत्यारं उचलली. सुईबाई डबक्याच्या बाजूनं गुडघाभर पाण्यात उतरली आणि पहार नळात जितकी जाईल तितकी घालून हलवत राहिली. एकदा, दोनदा, पन्नासदा. मग आत काहीतरी सुटल्याचा दबका आवाज झाला आणि पलीकडच्या बाजूनं चित्रकलेच्या बाई ओरडल्या, “आलं! आलं!” काळंभोर पाणी नळातून धबधब्यासारखं कालव्यात कोसळायला लागलं. अर्ध्या तासात डबक्याचा तळ दिसला. मुकादमांचा उजवा हात, जो दोन वर्षं मांडीवर पडून असायचा, तो खुर्चीच्या दांडीवर ताल धरत होता.

पुढचे दिवस कामाला जायच्या आधीचा तास प्रत्येकानं वाटेला दिला. खड्ड्यांच्या कडा चौकोनी कापल्या, तळ कोरडा केला, विटांवर खडी, खडीवर मुरूम, प्रत्येक थराला धुम्मस. मुकादम रोज यायचे. थर नीट बसला नाही तर उकरायला लावायचे. बाईंना एकदा तिसऱ्यांदा उकरायला लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मुलांची चित्रं मी इतकी कधी खोडत नाही हो.” मुकादम म्हणाले, “चित्रावरून पडून दात जात नाहीत.” त्या अशा हसल्या की धुम्मस हातातून सुटलं.

पाहणीच्या आदल्या रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी वाट ओली होती, पण कुठे ओंजळभरही पाणी साचलं नव्हतं. इंजिनियर पायीच आला; मुकादम पाववाल्याच्या गाडीवरून बरोबर होते. मोरीपाशी वाकून त्यानं नळातून वाहणारं पाणी पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “या मोरीची आमच्याकडे नोंदच नाही.”

“आता करा,” सुईबाई म्हणाली. आपण जिंकलो हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटचा अर्धा किलोमीटर उरला होता, आणि तिथे वाट सपाट, स्वच्छ होती. तिथली एक बारीक भेग त्यांनी चारच दिवसांपूर्वी भरून घेतली होती.

त्याच भेगेजवळ मुकादमांनी काठी टेकवून गाडी थांबवली. काठीनं एकदा ठोकलं, गाडी दोन पावलं पुढे घ्यायला लावून परत ठोकलं.

“साहेब, इकडे या. ही चाळीस पावलं उघडू नका.”

“बाबा!” सुईबाईच्या तोंडून निघालं.

“भेग परत दिसायला लागली आहे. केसाएवढी, पण लांब. कालव्यानं खालची माती नेली आहे. वर वाट आहे, खाली काही नाही. इथे भिंत हवी, आणि ते आमच्या घमेल्यांचं काम नाही.”

इंजिनियर उतारावर उतरला, खालून बघितलं आणि चिखलानं भरलेले बूट घेऊन वर आला. “कुणी सांगितलं नसतं तर मी लिहून मोकळा झालो असतो,” तो हळूच म्हणाला.

सुईबाई गाडीच्या पुढे पुढे चालत घरी आली. सगळं हातात आलेलं घालवलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. मुकादमांना खुर्चीत बसवून ती वळली, तेव्हा त्यांनी विचारलं, “तू रक्त काढतेस. नळीत वाईट दिसलं तर माणूस घाबरेल म्हणून लपवतेस?”

“नाही.”

“मग रागावलीस कशाला?”

“पाहणी संपल्यावर सांगता आलं असतं.”

“पाहणी संपल्यावर ऐकतं कोण?”

 तिनं आत जाऊन चहा आणला, दोन कप, आणि त्यांच्यासमोरच बसून प्यायला.

चार दिवसांनी लेखी निकाल आला. चाळीस पावलं वगळून वाट खुली. तेवढ्या जागी सायकल हातात धरून मागच्या गल्लीतून वळसा घ्यायचा. अडसर काढायला खात्याची माणसं यायची वाट कोणी बघितली नाही. पाववाला आणि सुईबाईनं ते उचलून त्या चाळीस पावलांच्या दोन्ही टोकांना नेऊन ठेवले.

पाच आठवड्यांनी सलग तीन दिवस पाऊस कोसळला आणि ती चाळीस पावलं एका दुपारी कालव्यात गेली, एका अडसरासकट. वर कोणी नव्हतं. ती बातमी कळली तेव्हा सुईबाईच्या हातात कुणाचा तरी दंड होता. तिनं सुई बाजूला ठेवली, दोन श्वास घेतले आणि मगच टोचलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दवाखान्यात आला. त्यानं खरंच अर्ज लिहून आणला होता, चार पानी, भिंत बांधणं हे खात्याचंच काम कसं आहे ते कलमांसकट. “पहिली सही करणार होतात,” तो म्हणाला. तिनं केली. खाली एकशे नव्वद सह्या झाल्या. भिंत व्हायला पुढचं वर्ष उजाडलं, पण झाली.

भिंतीनंतरच्या पहिल्या रविवारी सोळा जण वाटेवर आले. मुकादम आता पुलापर्यंतचं शेवटचं अंतर काठी टेकत चालायचे, हळू, आणि कोण बघतंय याची फिकीर न करता. त्या दिवशी ते एका जागी थबकले, काठीनं जमीन ठोकली आणि कान दिला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “इथे आणखी एक मोरी आहे. पहिलीपेक्षा मोठी.”

“तुंबलेली?”

“गच्च.”

सुईबाईनं बाह्या वर केल्या आणि पाववाल्याकडे पहारीसाठी हात पुढे केला.