पुढं ढकललेला मुहूर्त

स्क्यारमो गावाच्या वरच्या अंगाला हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला आणि वीजघराचा पाट दगडमातीनं बुजून गेला. तेव्हापासून गावात दिवा नव्हता. वसंतात रस्ता मोकळा झाल्यावर वीज खात्यानं लेहहून पोकलेन पाठवलं आणि पोकलेनबरोबर नोरफेलला.

लेहमध्ये खात्याचं मशीन चालवायचं म्हणजे शिव्या खायच्या. केबलसाठी रस्ता खणला की दुकानदार ओरडणार, नाही खणला तर अंधारात बसलेले ओरडणार. इतक्या वर्षांत नोरफेलची कातडी चांगली जाड झाली होती. लोकांनी लांब उभं राहावं, आपण काम उरकावं आणि निघावं, एवढंच त्याला ठाऊक. स्क्यारमोतही पहिल्याच दिवशी यांगडोल आजी चहाची किटली घेऊन चढण चढून आली, तर यानं केबिनमधूनच हात हलवला. "आबी-ले, लांब व्हा! दगड येतील अंगावर!"

"दगड मला ओळखतात रे, नोनो. तूच नवा आहेस," म्हातारी म्हणाली आणि किटली एका खडकावर ठेवून निघून गेली. संध्याकाळी काम थांबल्यावर त्यानं तो गारढोण झालेला खारा चहा एकट्यानं प्यायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी घात झाला. जमीन वरून गोठलेली होती, पण आतून वितळत आलेली. पाटाच्या कडेला मशीन वळवताना खालच्या बाजूची माती बसली, पोकलेन ओढ्याकडं कललं आणि त्या बाजूची चेन चाकांवरून उतरली. नोरफेलनं बकेट जमिनीत रुतवली म्हणून मशीन जागच्या जागी थांबलं. तो खाली उतरला आणि वाकून निखळलेली चेन पाहू लागला.

वीजघर सांभाळणारा ग्यालसन धावत आला. त्यानं मशीनकडं पाहिलं, मग सूर्याकडं. "आचो, ऊन चढलं की ही माती अजून ढिली होणार."

"माहीत आहे. दुसरं मशीन यायचं तर दोन दिवस तरी लागतील."

"मी गावात जाऊन येतो."

"आज कोण येणार?" नोरफेल म्हणाला. खाली शेतांत सगळं गाव जमलेलं इथूनही दिसत होतं. पहिल्या नांगरटीचा दिवस. झोंच्या, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातल्या बैलांच्या, शिंगांना लोणी लावलेलं, बायका ठेवणीतले कपडे घालून उभ्या. मुहूर्त गावच्या ज्योतिष्यानं, मेमे ओनपोनं, पोथी पाहून काढलेला. अशा वेळी परक्याच्या मशीनसाठी कोण हलणार? ग्यालसन मात्र केव्हाच उतरणीला लागला होता.

आणि गाव आलं. झो तसेच जुंपलेले सोडून, पहारी आणि फावडी घेऊन सगळे वर आले. सगळ्यात पुढं धापा टाकत खुद्द ओनपो.

"मेमे-ले, तुमचा मुहूर्त?" नोरफेलच्या तोंडून निघून गेलं.

"मी काढला, मीच पुढं ढकलतो. परवाचा दिवसही वाईट नाही."

"वा!" यांगडोल आजी कडाडली. "काल तर म्हणत होतास, आजच्यासारखा दिवस वर्षात नाही!"

"काल हे मशीन बसलं नव्हतं."

सगळे हसले आणि हसतहसतच कामाला लागले. दगड हातोहात सरकू लागले, खालच्या बाजूला बिनमातीची भिंत चढू लागली. लडाखी माणसाला दगड रचायला शिकवावं लागत नाही. एकानं नव्या घराच्या छतासाठी जपून ठेवलेल्या तुळया आणून मशीनखाली सरकवल्या. पहिलीच कडकन मोडली. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही, दुसरी पुढं केली.

आता नोरफेलला केबिनमध्ये चढायचं होतं. बकेटवर जोर देऊन ती बाजू उचलायची, चाक हळूहळू फिरवायचं आणि लोकांनी पहारींनी चेन चाकावर बसवायची. सगळ्यांनी वरच्या अंगालाच राहायचं, हे त्यानं दोनदा बजावलं. चढताना त्याचं लक्ष यांगडोल आजीकडं गेलं. तिनं याकच्या केसांचा दोर मशीनला बांधला होता आणि दुसरं टोक कमरेला गुंडाळून, पाय रोवून ती उभी होती.

वीस टनांचं मशीन त्या दोराला काय जुमानणार?  नोरफेलनं गडी पाठवून दोराचं टोक खडकाला बांधून घेतलं आणि आजीला म्हणाला, "आबी-ले, तुम्ही गाठीवर नजर ठेवा. सुटता कामा नये."

"सुटेल कशी? मी आहे ना," ती म्हणाली.

त्यानं लिव्हर ओढला. मशीन कण्हलं, बाजू उचलली गेली. ग्यालसन हातानं खुणा करत होता. कुणीतरी भिंत बांधतानाचं गाणं धरलं, पहारी त्या तालावर पडू लागल्या. एकदा चेन निसटली, दुसऱ्यांदाही. मग खट् आवाज झाला आणि ती चाकावर बसली. नोरफेलनं मशीन इंच इंच सरकवत पक्क्या जमिनीवर आणलं, इंजिन बंद केलं आणि तिथंच बसून राहिला. उतरायचं त्याला सुचेना.

"रडतोस काय रे, नोनो?" आजीनं खालून विचारलं.

"डिझेल उडालं डोळ्यात."

"जसं मशीन तसा मालक. दोघंही मनात येईल तिथं बसतात. उतर, खंबीरची भाकरी गरम आहे."

तो उतरला. त्या भल्या जाड भाकरीबरोबर त्यानं तीन वाट्या चहा प्यायला, आणि या वेळी चहा गरम होता. बोलायचं पुष्कळ होतं, पण दर वेळी आभाराचं नुसतं "जुले, जुले" एवढंच बाहेर पडलं. कुणी त्याच्याकडून जास्त काही मागितलंही नाही.

दोन दिवसांनी गावानं नांगरट केली, तेव्हा नोरफेलनं मशीन बंद ठेवलं आणि तो शेतात गेला. त्याला झोंच्या मागं धरायला नांगर दिला, तर तास साप गेल्यासारखं वाकडं निघालं. पोरीबाळी पोट धरून हसल्या. ओनपो म्हणाला, "मुहूर्ताचा दोष नाही हो हा!"

दुसऱ्या दिवशी उरलेला पाट मोकळा झाला आणि भरदुपारी त्यात पाणी सुटलं. यांगडोल आजीच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला, तेव्हा नोरफेल तिथंच चुलीपाशी बसला होता. आजीनं दिव्याकडं पाहिलं, हात जोडले, मग त्याच्यावर खेकसली, "बघतोस काय? उन्हात दिवा जाळतात का? बंद कर!"

त्यानं उठून बटण दाबलं. काम संपलं होतं, खाली रस्त्यावर मशीन न्यायला ट्रक येऊन थांबला होता. नोरफेलनं ग्यालसनबरोबर ट्रकवाल्याला निरोप धाडला, आजचा दिवस थांब म्हणून, आणि चहासाठी वाटी पुन्हा पुढं केली.