गुरुवारी बारानंतर

"आधी पूर्ण ऐकून घे. मग एक श्वास घे. मग बोल. समोरचा माणूस कुठे पळून जात नाही."

ऑपरेटरबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. बोर्डापुढे बसून इथल्या माणसाला तिथल्या माणसाशी जोडून देणं हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आल्या आणि मला इंग्रजी शिकवायचं त्यांनी आपणहून मनावर घेतलं.

निमित्त माझ्या परीक्षेचं होतं. आमचे हे तीन वर्षांपूर्वी परदेशी गेले, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत. बायकोला बोलावून घ्यायचं तर तिला इंग्रजी बोलता येतं आणि ऐकून समजतं असा दाखला व्हिसाच्या कागदांना जोडावा लागतो. मी गणवेशांच्या दुकानात काजं करते. माझं इंग्रजी म्हणजे शर्टाच्या कॉलरमागचे आकडे.

बाईंची पद्धत निराळी होती. "तू माझ्या तोंडाकडे बघून समजतेस, कानाने नाही," म्हणाल्या आणि मला दाराबाहेर जिन्यात बसवलं. हातात जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर दिला, तुटकी वायर लोंबत असलेला. दार लोटून आतून त्या विचारायच्या, घरात माणसं किती, आज कामावर काय केलं; आणि मी जिन्यात रिसीव्हर कानाला लावून उत्तरं द्यायची. वरच्या मजल्यावरचे आजोबा एकदा पायरीवर थांबून म्हणाले, "तुमचं झालं की आम्हालाही लाइन द्या."

फी विचारली तेव्हा बाई म्हणाल्या, "ज्याने कॉल लावला त्याने पैसे भरायचे. हा मी लावलाय." आठ महिने रोज संध्याकाळी त्यांनी मला शिकवलं. देवाने माझ्यासाठी एवढं मोठ्या मनाचं माणूस खालच्या मजल्यावर आणून ठेवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता माझ्या व्रताचं सांगते. रोजचा जप आणि दिवा लहानपणापासूनचा. गुरुवारचं मात्र माझं स्वतःचं. परदेशी गेल्यावर पहिल्याच वर्षी हे शिडीवरून पडले आणि दोन दिवस शुद्धीवर आले नाहीत. त्या गुरुवारी सकाळपासून मी देवापुढे गप्प बसले होते. व्रत म्हणून नाही, शब्दच फुटत नव्हता. बरोबर बारा वाजता फोन आला, डोळे उघडले म्हणून. मी देवाला म्हटलं, दर गुरुवारी बारापर्यंतचे माझे शब्द आता तुझे. तेव्हापासून एकही गुरुवार चुकला नाही.

आणि परीक्षेचा फॉर्म भाऊजींनी भरला तो नेमका गुरुवारी सकाळी. माझे दीर ते. टेबलाच्या एका बाजूला ते लॅपटॉप घेऊन, दुसऱ्या बाजूला मी माळ घेऊन.

"वहिनी, सव्वीस तारीख, सकाळी दहा वीस. चालेल ना?"

मला जप करताना मण्यागणिक मान हलवायची सवय आहे. मान हलली. भाऊजींनी बटण दाबलं.

बारा वाजता मी विचारलं, "सव्वीसला वार कोणता?"

त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, तुम्ही हो म्हणालात की."

"मी एकतिसावा मणी म्हणाले."

पुढची मोकळी तारीख दीड महिन्याने होती. यांच्या कंपनीचं पत्र महिनाअखेरपर्यंतच चालणार होतं, आणि तसं पत्र नव्याने मिळायला मागच्या वेळी सात महिने गेले होते. म्हणजे सव्वीसला बोलायचं, नाहीतर पुन्हा सात महिने थांबायचं.

"देव समजून घेतो गं," सासूबाई म्हणाल्या. "तूच घेत नाहीस."

"दर वेळी त्यानेच का समजून घ्यायचं, आई?"

"घ्या. परीक्षेआधीच बोलायला शिकली."

यांना फोन केला. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या मौनाने उठलो की डॉक्टरांनी उठवलं, ते मला सांगता येणार नाही. पण ते मोडून इथे आलीस तर रोज मनाला लावून घेशील. सात महिने तर सात महिने. मी काय, आता एकटा पोळ्या लाटायला शिकलोय. गोल नसतात, पण लाटतो."

असं म्हणणारा नवरा मिळाला, त्याच्यासाठी सात महिने थांबणं जड नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मी रडले, हेही खरं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी ऑपरेटरबाई कायमच्या लेकीकडे राहायला गेल्या. जाताना रिसीव्हर माझ्या हातात ठेवला. "हा तुझ्याकडे राहू दे. पुढे कुणाला लागला तर वापर. आणि सव्वीसला जा तू. तिथे बसलेल्यांना विचार. विचारायला तोंडच लागतं असं नाही."

मग मी स्वतःच्या हाताने इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. गुरुवारी बारापर्यंत मी बोलत नाही. हा माझा देवाला दिलेला शब्द आहे. कृपा करून मला बारानंतर बोलवा.

सव्वीसला साडेनऊला पोहोचले. एकमेकांना जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत. जो तो आपली उत्तरं पुटपुटत होता. मी काउंटरवर चिठ्ठी आणि ओळखपत्र ठेवलं.

काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आवाज बसलाय का?"

मी मान हलवली, नाही.

"मग उपवास?" त्यांनी स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून विचारलं. "बोलण्याचा?"

मी हात जोडले.

"इतकी वर्षं आहे मी इथे. आत गेल्यावर गप्प होणारे खूप पाहिले. बाहेरूनच गप्प आलेल्या तुम्ही पहिल्या." मग वेळांची यादी पाहून म्हणाल्या, "बारानंतरच्या वेळा भरल्यात. कुणी अदलाबदल केली तर मी करून देते. पण समोरच्याने राजीखुशीने हो म्हटलं पाहिजे." आणि त्यांनी हॉलकडे बघून विचारलं, "बारानंतरचं कुणी आहे इथे?"

शेवटच्या रांगेतून एक हात हळूच वर झाला. केवढा तो हात. माणूस उठला तर पाण्याचं मशीन त्याच्यामागे दिसेना. क्रेन चालवायचे ते. बायको परदेशी नर्स होती, तिच्याकडे जायचं होतं. त्यांची वेळ बारा वीस. भीतीने आठलाच येऊन बसले होते.

त्यांनी माझी चिठ्ठी घेतली, एकेक शब्द बोट ठेवून वाचली. हातातल्या अभ्यासाच्या कागदांपैकी अर्धेच उलटले होते, उरलेले बाराच्या आत उलटायचे होते. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"असू द्या, ताई," कागदांची घडी करत म्हणाले. "खालून ओरडून सांगितलेलं मला वर क्रेनमध्ये ऐकू येत नाही. आम्ही हातवाऱ्यांवर काम करतो. तुमचं न बोललेलं मला लगेच कळलं बघा."

मला काहीतरी द्यायचं होतं आणि द्यायला शब्दसुद्धा नव्हता. चिठ्ठीच्या मागे मी लिहिलं, 'दादा, तुमचं राहिलं तर मी शिकवीन. वचन.' खाली फोन नंबर. त्यांनी वाचलं, हसले, चिठ्ठी खिशात ठेवली आणि माझ्या वेळेला आत गेले. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. अंगठा वर करून दाखवला, पण अर्धाच.

बारा वाजले. पहिला शब्द देवाचं नाव, तो मनातल्या मनात नाही, ओठांनी म्हटला. मग आत गेले.

परीक्षक बाई हसऱ्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून मी टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत ऐकलं. डावीकडचं चित्र दाखवा म्हणाल्या, दाखवलं. घरी कोण कोण असतं, सांगितलं. सकाळी काय करता, असं विचारल्यावर एक श्वास घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत गुरुवारचं सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमचं आजचं पहिलं बोलणं मी ऐकतेय?"

"नाही," मी म्हटलं. "पहिलं देवाने ऐकलं. तुमचा नंबर दुसरा."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मोकळेपणी हसल्या.

चार दिवसांनी निकाल आला. मी पास झाले. भाऊजींनी त्याच दिवशी कागद भरून पाठवले. या वेळी प्रत्येक तारखेला मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा माळ खाली ठेवायला लावली. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

क्रेनवाल्यांचा फोन आला नव्हता. आत जाण्याआधी त्यांनीही आपला नंबर अभ्यासाच्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहून मला फाडून दिला होता. मी लावला.

"बोलण्यात पास, ऐकण्यात नापास," ते म्हणाले. "बायको म्हणते, घरातला निकाल आणि बाहेरचा निकाल एकच आला."

"पुढची तारीख कधी?"

"दीड महिना आहे. ताई, ते वचनाचं मनावर घेऊ नका. तुमची निघायची गडबड असेल."

"व्हिसा यायला दोन महिने आहेत," मी म्हटलं. "तुमच्या घराला जिना आहे का?"

"जिना? आहे. का?"

"दाराबाहेर बसावं लागेल."

त्यांच्या नावाचा एक मणी मी रोजच्या जपात धरला आहे. नाव विचारायचं राहूनच गेलं, पण देवाला क्रेनवाले म्हटलं तरी कळतं. काउंटरवरच्या बाईंचाही एक आहे, ऑपरेटरबाईंचा तर कधीचाच.

पुढचा गुरुवार आला. बारा वाजले तशी मी माळ पिशवीत ठेवली. काळा रिसीव्हर पुसून, वायर गुंडाळून, धुतलेल्या रुमालात बांधला.

"कुठे निघालीस गं, ऊन केवढं आहे," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी पूर्ण ऐकून घेतलं. एक श्वास घेतला.

"येते, आई. संध्याकाळच्या दिव्याच्या आत," म्हटलं, आणि चपला घालून जिना उतरू लागले.