निळी ताडपत्री

खुशबूसाठीच सत्कार दिवस मावळल्यावर ठेवला होता. आमगावजवळच्या त्या गावात एवढी माणुसकी होती, नाही कसं म्हणावं! रुख्माची ही लहानगी पोर उन्हात निघाली की अंगभर फोड यायचे. जन्माचाच आजार. उन्हानं कातडीची आतून मोडतोड होते, ती बाकीच्यांचं शरीर दुरुस्त करतं, हिचं करत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं. तेव्हापासून खिडक्यांना गोणपाट लागलं आणि पोर घरात कोंडली गेली.

सत्कार होता रुख्माच्या दिराचा. अश्विन गोव्याला समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करून डॉक्टर झाला होता. विहाराच्या पटांगणात माणसं मावत नव्हती. खुशबू सगळ्यात पुढे, आजा केवळरामच्या मांडीवर.

अश्विन उठला आणि गावच्याच बोलीत बोलला. "समुद्रातलं शेवाळ दिवसभर उन्हात तळून निघते. त्याच्या पेशीत डीएनएचा धागा असते, तो उन्हानं जागोजागी चिकटते. पण त्या शेवाळापाशी एक विकर हाय, एन्झाइम म्हनते त्याले. ते निळा उजेड घेते आन् धागा पयल्यासारखा करते. उजेडानं जे मोडलं, ते उजेडच जोडून राहिला, बाप्पा!"

पटांगण टाळ्यांनी दणाणलं. सगळ्यांना सगळं समजलं होतं, आणि तिथंच घात झाला.

दुसऱ्याच दिवशी अश्विन गोव्याला परतला आणि इकडे केवळरामनं धानावर झाकायची निळी ताडपत्री काढली. अंगणात चार बांबू रोवले, वर ती ताणून बांधली. खाली सगळं निळंनिळं झालं.

"मामाजी, भाऊजीले एक फोन करून पाहू न," रुख्मा म्हणाली.

"कायले? चारचौघात सांगतलं न त्यानं! का पोराची परीक्षा घेऊन राहिली तू?"

रुख्मानं फोन बाजूला ठेवला. सासऱ्याच्या धाकानं नाही, उगाच त्याच्यावर कशाला ढकलायचं? तिलाच ते खरं हवं होतं. पोरगी भरदुपारी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती, खिदळत होती. कोणत्या आईनं तिला ओढून आत नेलं असतं?

फोड आले. केवळराम म्हणाला, आतलं वाईट बाहेर निघून राहिलं. मग डोळे लाल झाले, पाणी गळायला लागलं. तरी आणखी थोडे दिवस, आणखी थोडे दिवस, असं चाललं. डाव्या बुबुळावर पांढरं धरलं तेव्हा मात्र रुख्मा पोरीला पदराखाली घेऊन नागपूरला पळाली. डॉक्टर तिच्यावर ओरडला नाही. डावा डोळा गेला, एवढंच म्हणाला, आणि उजव्याचं आताच काही सांगता येणार नाही.

घरी येऊन तिनं अश्विनला फोन लावला. ताडपत्रीचं सगळं सांगितलं.

"वहिनी," तो म्हणाला, "ते विकर शेवाळात हाय, बेडकात हाय. माणसात नाहीच जी."

"हे तुमाले तवा मालूम होतं?"

"होतं."

"समोर खुशबू बसली होती. मंग काऊन नाही सांगतलं?"

"सांगनार होतो न! पुढचं वाक्य तेच होतं. पण लोकं टाळ्या वाजवून राहिले होते, वहिनी... मंग राहूनच गेलं."

रुख्मानं आत पाहिलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली खुशबू खाटेवर बसून आजाला विचारत होती, आज निळ्या घरात काऊन नाही नेत?

"तुमची पुतनीबी वाजवून राहिली होती, भाऊजी," रुख्मा म्हणाली. "सगळ्यायच्या थांबल्या, तरी तिच्या सुरूच होत्या."